नवी डोंगरी स्नोमोबाइल आणि आरपीएमचा आकडा

नवी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, डोंगरात नीट ओढत नसेल, तर सुटा भाग मागवण्यापूर्वी किंवा कार्यशाळेत तक्रार नोंदवण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी असली पाहिजेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. पूर्ण थ्रॉटल दिलेला असताना इंजिन किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांनी) फिरत होते, हा पहिला प्रश्न. आणि तो आकडा सकाळपासून तसाच होता की दिवस चढत गेला तसा उतरत गेला, हा दुसरा. या हंगामात माझ्या नव्या गाडीने दिलेला सगळा त्रास अखेर या दोन प्रश्नांतूनच उलगडला, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

मी कॅनडातल्या कॅल्गरीत राहते. गाडी ट्रेलरवर चढवायची, ट्रान्स-कॅनडा महामार्गाने रॉजर्स खिंड ओलांडायची आणि सुमारे चारशे किलोमीटरवरच्या रेव्हलस्टोकला पोहोचायचे, हा आमच्या गटाचा हिवाळ्यातला नेहमीचा क्रम आहे. गावाजवळचे बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज हे दोन्ही डोंगर स्नोमोबाइलवाल्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. खालच्या वाहनतळापासून झाडांच्या रेषेवरच्या उघड्या कुरणांपर्यंत जाताना गाडी हजार मीटरहून अधिक उंची चढते, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे मूळ या चढाईत आहे.

डोंगरी गाडी सपाटीवरच्या गाडीहून पुष्कळ वेगळी असते. माझ्या गाडीला ८५० सीसीचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन आहे, ट्रॅकची एकूण लांबी १६५ इंच आहे आणि त्यावरचे रबरी दात तीन इंच उंच आहेत. एवढा लांब ट्रॅक भुसभुशीत बर्फावर वजन पसरवून गाडीला तरंगती ठेवतो आणि उंच दात त्या सैल बर्फात पकड घेतात. पुढच्या दोन स्कींमधले अंतर मुद्दाम कमी ठेवलेले असते, कारण डोंगरात गाडी सतत एका कुशीवर कलवून चालवावी लागते. क्वेबेकमधील व्हॅलकोर्टच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी १९३७ साली दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळवले, तेव्हा त्यांच्यापुढे बर्फाने बंद होणाऱ्या रस्त्यांवर माणसांची ने-आण करण्याचा प्रश्न होता. त्या पट्ट्यावर आज माणसे केवळ आनंदासाठी उभे उतार चढतात, याचे मला अजूनही मोठे अप्रूप वाटते.

इंजिनाची ताकद ट्रॅकपर्यंत कशी पोहोचते, हे आपल्याकडच्या बिनगिअरच्या स्कूटरचा बेल्ट बदलताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना चटकन कळेल, कारण तत्त्व तेच आहे. इंजिनाच्या दांड्यावर प्रायमरी क्लच असतो, ट्रॅककडच्या दांड्यावर सेकंडरी क्लच असतो, आणि दोहोंमध्ये एक रुंद रबरी बेल्ट फिरतो. इंजिनाचा वेग वाढला की प्रायमरी क्लचमधली वजने बाहेर फेकली जातात, त्याच्या दोन तबकड्या जवळ येतात, बेल्ट त्यांच्यामध्ये वर चढतो आणि गिअर आपोआप बदलत जातो. इंजिन जास्तीत जास्त ताकद देते तो आरपीएमचा पट्टा अरुंद असतो. माझ्या गाडीत तो आठ हजारांच्या आसपास आहे. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाला नेमके त्या पट्ट्यात टिकवणे हे क्लचचे काम असते. वजने जड पडली तर गिअर लवकर वर जातो आणि इंजिन दबते. हलकी पडली तर इंजिन त्या पट्ट्याच्या पलीकडे निघून जाते.

आता उंची. समुद्रसपाटीच्या तुलनेत २००० मीटरवर हवेची घनता सुमारे १८ टक्क्यांनी कमी असते. इंधनाचे प्रमाण आधुनिक इंजिनातला संगणक स्वतःच जुळवून घेतो, पण हवाच कमी असल्यामुळे ताकद घटते, आणि क्लचमधल्या वजनांना या घटीची काहीच कल्पना नसते. समुद्रसपाटीसाठी बसवलेली वजने वरच्या विरळ हवेत इंजिनाला जड होतात आणि आरपीएम काही शेकड्यांनी खाली राहतो. म्हणूनच उत्पादक उंचीनुसार वजनांचे तक्ते देतात, आणि गाडी घेताना ती कोणत्या उंचीसाठी जुळवलेली आहे हे विचारणे अत्यावश्यक आहे. तापमानाचाही यात वाटा असतो. जानेवारीतल्या उणे पंधरा अंशांच्या थंडीत हवा दाट असते, एप्रिलच्या उबदार दुपारी ती त्याच जागी विरळ झालेली असते. त्यामुळे एकाच डोंगरावर दोन ऋतूंत आरपीएमचा आकडा थोडा वेगळा आला, तर लगेच चिंता करण्याचे कारण नाही.

माझ्या गाडीने पहिली तक्रार केली ती वर पोहोचण्याआधीच. यंत्राने दाबून कडक केलेल्या वाटेवर काही किलोमीटर जाताच तापमानाचा इशारा देणारा दिवा लागला. स्नोमोबाइलमध्ये मोटारीसारखा समोर वारा घेणारा रेडिएटर नसतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ट्रॅकच्या वरच्या अॅल्युमिनियमच्या बोगद्यातून फिरतो आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्या बोगद्याला थंड करतो. कडक वाटेवर बर्फ उडतच नाही. यासाठी सस्पेन्शनच्या पट्ट्यांवर स्प्रिंगसारख्या तारा बसवलेल्या असतात, ज्यांना स्क्रॅचर म्हणतात. त्या खाली सोडल्या की वाट खरवडून बर्फाचा चुरा वर फेकतात. तोच चुरा ट्रॅकखालच्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्यांना वंगणासारखा उपयोगी पडतो, आणि तो मिळाला नाही तर त्या पट्ट्या अक्षरशः वितळू लागतात. तारा खाली सोडल्यावर तापमान उतरले, पण हवे तेवढे नाही. गाडी पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी पाहिली, तर ती खुणेच्या खाली गेलेली होती. नव्या गाडीत पहिल्या काही वेळा इंजिन तापून निवल्यावर नळ्यांत अडकलेली हवा बाहेर पडते आणि पातळी खाली येते. पुस्तिकेप्रमाणे हवा काढून कूलंट भरल्यावर हा प्रश्न पुन्हा उद्भवला नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या बिघाडाने घेतली. सकाळच्या पहिल्या लांब चढावर गाडी अपेक्षेप्रमाणे आठ हजारांजवळ फिरत असे. तासाभराने त्याच उतारावर, तशाच बर्फात, आकडा दोनशेने कमी असे, आणि दुपारपर्यंत तीनशेहून अधिक घसरलेला असे. गटातल्या बहुतेकांचे मत पडले की वजने जड आहेत, ती हलकी करावीत. मला ते पटेना. वजने चुकीची असतील तर पहिल्याच चढावर आकडा कमी यायला हवा आणि तो दिवसभर तसाच राहायला हवा. वजने दुपारी जड होत नाहीत. जे दिवसभरात बदलते ते बहुधा उष्णतेमुळे बदलते, आणि या साखळीत सर्वांत लवकर तापणारी वस्तू म्हणजे बेल्ट.

चढ संपवून सुरक्षित जागी थांबले, इंजिन बंद केले, सुरक्षादोरी काढली आणि बाजूचे झाकण उघडले. इंजिन चालू असताना बेल्टजवळ हात नेणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे हा क्रम कधीही बदलू नये. सुस्थितीतल्या बेल्टवर हात टेकवता आला पाहिजे. माझ्या बेल्टवर तो क्षणभरही ठेववत नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची काळी भुकटी साचली होती, आणि बेल्टची एकच कड झिजून तिचे धागे बाहेर आले होते. ही एकच कड फार महत्त्वाची होती. बेल्ट नुसता घसरत असता, तर त्याच्या दोन्ही बाजूंवर सारखी चकाकी आली असती. एका कडेची झीज सांगते की दोन क्लच एका रेषेत नाहीत आणि बेल्ट तिरका धावतो आहे. तिरका बेल्ट तापतो, तापलेला बेल्ट मऊ पडून पकड सोडतो, आणि क्लचचे सारे गणित बिघडते.

विक्रेत्याच्या कार्यशाळेत हे सगळे, आरपीएमच्या नोंदी आणि बेल्टची छायाचित्रे यांसह, तंत्रज्ञापुढे ठेवले. त्यांनी मापाची सळई लावून दोन्ही क्लचमधले अंतर तपासले, तेव्हा सेकंडरी क्लच जुळणीच्या वेळीच थोडा आत बसल्याचे दिसले. योग्य जाडीच्या चकत्या घालून तो रेषेत आणला गेला आणि हे काम वॉरंटीत झाले. बेल्ट नवा घालावा लागला. नव्या बेल्टला साधारण पहिले पन्नास किलोमीटर पूर्ण थ्रॉटल न देता, वेग कमी-जास्त करत चालवून मुरू द्यावे लागते; घाईने हे टाळणाऱ्यांचे बेल्ट लवकर जातात. त्यानंतर सकाळचा आणि दुपारचा आकडा जवळजवळ सारखा येऊ लागला. सुरुवातीलाच वजने हलकी केली असती, तर दुपारचा आकडा कदाचित वर आला असता, पण सकाळी इंजिन मर्यादेपलीकडे फिरले असते आणि तिरका बेल्ट तसाच जळत राहिला असता.

याच्या अगदी उलट लक्षणही दिसू शकते : इंजिन जोरात फिरते, पण गाडी पुढे सरकत नाही. खोल बर्फात क्लचच्या बाजूला बर्फ शिरून बेल्ट ओला झाला की असे होते. अशा वेळी सपाट जागी गाडी थोडी वर उचलून ट्रॅक मोकळा फिरवला की बेल्ट सुकतो. मात्र ट्रॅकच्या मागे कोणीही उभे असता कामा नये. आणि ताज्या बर्फाच्या धुरळ्यात इंजिन अचानक गुदमरले, तर सर्वप्रथम हवा आत घेणाऱ्या जाळ्या पाहाव्यात. त्यांवर बर्फाचा थर बसलेला असतो आणि हाताने झटकताच इंजिन मोकळा श्वास घेते.

काही तक्रारी मात्र गाडीच्या नसतात. उताराला आडवे जाताना गाडी सतत खाली घसरते, म्हणून स्की बदलणारे लोक मी पाहिले आहेत. आडव्या उतारावर उभे राहून, वजन डोंगराकडच्या पायपट्टीवर टाकून, हँडल किंचित दरीच्या बाजूला वळवावे लागते आणि थ्रॉटल एकसारखा धरावा लागतो. मग गाडी डोंगराकडच्या कुशीवर कलते आणि ट्रॅकची कड बर्फात रुतून रेषा धरते. नवख्याचा हात घाबरून डोंगराच्या बाजूला वळतो, गाडी सपाट पडते आणि खाली सरकते. कोणत्याही स्कीने याची भरपाई होत नाही.

टू-स्ट्रोक इंजिनाबाबत एक सवय मी सगळ्यांना आवर्जून सांगते. जेवणासाठी बराच वेळ थांबल्यावर बोगद्यातला कूलंट गारठलेला असतो. लगेच पूर्ण थ्रॉटल दिला तर पिस्टन पटकन तापून फुगतो, सिलिंडर मात्र थंडच राहतो, आणि इंजिन जाम होऊ शकते. कूलंट पुरेसा कोमट होईपर्यंत थांबण्यात जाणारी काही मिनिटे इंजिनाच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

बिघाड कुठे थांबून शोधायचा, हा प्रश्न तर बिघाडाहून मोठा आहे. १३ मार्च २०१० रोजी याच बोल्डर माउंटनवर बर्फाचा कडा सुटला, तेव्हा खाली मोठ्या संख्येने स्नोमोबाइलस्वार जमलेले होते आणि त्यांत दोघांचा मृत्यू झाला. उभ्या उताराच्या पायथ्याशी झाकण उघडून बसू नये, हे त्या घटनेनंतर वेगळे सांगण्याची गरज पडू नये. उतारावर एका वेळी एकच गाडी असावी, आणि कोणी वर अडकले तर दुसऱ्याने गाडी घेऊन त्याच्याकडे जाऊ नये. निघण्यापूर्वी अॅव्हलांच कॅनडा या संस्थेचा त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचणे, आणि ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा शोध घेण्याचे रेडिओ यंत्र), शोधकाठी व फावडे अंगावर बाळगणे आमच्या गटात बंधनकारक आहे. या वस्तू गाडीवर बांधून ठेवल्या तर गाडी आणि स्वार वेगळे झाल्यावर त्या निरुपयोगी ठरतात. चालू ट्रान्सीव्हरपासून फोन निदान वीस सेंटीमीटर दूर ठेवावा आणि शोध घेताना पन्नास.

आता माझ्या गाडीचे एक काम उरले आहे. नवा ट्रॅक सुरुवातीच्या काळात ताणला जाऊन सैल होतो. सैल ट्रॅक जोरात थ्रॉटल दिल्यावर दातेरी चाकावरून उड्या मारतो, तर फार घट्ट ट्रॅक ताकदही खातो आणि सरकपट्ट्याही. म्हणून गाडीचा मागचा भाग उचलून, पुस्तिकेत दिलेले वजन ट्रॅकला लावून झोळ मोजायचा, मग ट्रॅक सावकाश फिरवून सरकपट्टी आणि ट्रॅकच्या धातूच्या पकडी यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे की नाही ते पाहायचे, आणि ज्या बाजूची फट कमी असेल त्या बाजूचा मागच्या दांड्याचा बोल्ट पाव-पाव फेरा आवळत न्यायचा.