पांढरा स्पंज

मे महिन्यातली नागपूरची कोरडी हवा दूध पावडर तोलणाऱ्याला रडवते. चमच्यातून पावडर उडते, प्लास्टिकच्या नळीला बाहेरून चिकटते, काट्यावरचा शेवटचा आकडा ठरतच नाही. त्या दिवशी माझी अशीच झटापट चालली होती. इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याने साय काढलेल्या दुधाची पावडर घेतली होती. २५ किलोच्या ४८० गोण्या, वाडीच्या गोदामात उतरवलेल्या. भाव जरा जास्तच स्वस्त मिळाला म्हणून त्यांच्या मनात पाल चुकचुकली आणि पावडरीचं पाकीट आमच्या लॅबमध्ये आलं. “मेलामाईन तेवढं पाहून द्या जी. बर्फीवाले माझ्या भरवशावर माल उचलतात.”

मेलामाईन म्हणजे ज्याच्या न फुटणाऱ्या ताटल्या करतात तेच. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. दुधातली प्रथिनं मोजायची जुनी केल्डाल पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.३८ ने गुणते. तो नायट्रोजन दुधाचा की ताटलीचा, हे ती विचारत नाही. १०० ग्रॅम पावडरीत १ ग्रॅम मेलामाईन घाला, कागदावर प्रथिनं सव्वाचार ग्रॅमने वाढतात. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेलं दूध असंच ‘सुधारलं’ गेलं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, कित्येकांच्या मूत्रपिंडात खडे झाले, ६ दगावली. आता मर्यादा ठरलेली आहे: बाळांच्या पावडरीत किलोला १ मिलिग्रॅम, इतर पदार्थांत २.५.

आमच्या नमुन्याचा पहिला आकडा आला १.९. त्याच पावडरीच्या दुसऱ्या तुकडीचा ३.४.

मशीनच्या आलेखावरचं टोक, म्हणजे पीक, जिथे यायला हवं तिथेच होतं. मशीनमध्ये मेलामाईनचा १२७ वजनाचा भारित रेणू फुटून ८५ आणि ६८ चे तुकडे पडतात, त्यांचं प्रमाणही बरोबर. म्हणजे मेलामाईनच, शंका नाही. पावडर न घालता नुसत्या रसायनांचा लावलेला नमुना, म्हणजे ब्लँक, कोरा: त्यात मेलामाईन नाही. मी घाबरून व्यापाऱ्यांना फोन केला, “माल हलवू नका, आम्ही पुन्हा तपासतोय.” एवढंच बोलले. त्या फोनबद्दल पुढे सांगतेच.

संध्याकाळी सर म्हणाले, “दोन्हीची सरासरी काढ आणि रिपोर्ट दे.” सरासरी २.६५. माल नापास. मी हट्टाने तिसरी तुकडी लावली. ती आली ०.६. आता सरासरी दोनच्या जरा खाली, माल पास! एकाच पाकिटातली पावडर, हात माझेच, आणि आकडा सहापट मागेपुढे. शिवाय प्रथिनं फुगवायची म्हणून कुणी किलोला दोन मिलिग्रॅम घालत नाही, त्याने कागदावरचा आकडा तसूभरही हलत नाही. चीनच्या त्या प्रकरणात किलोला अडीच हजार मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. इथे कुणी मिसळलेलं वाटत नव्हतं. कुठून तरी कण सांडल्यासारखे वाटत होते.

रात्री झोप आली नाही, त्यात कूलरही बिघडलेला. पहाटे कधीतरी लक्षात आलं की ब्लँक कोरा असणारच, तो पावडर ढवळायच्या भांड्यात जातच नाही! रसायनं थेट नळीत पडतात. पावडर मात्र आधी स्टीलच्या भांड्यात घालून हलवून एकजीव करतो.

सकाळी राखून ठेवलेल्या सीलबंद पाकिटातली पावडर भांड्याशिवाय, नव्या चमच्याने थेट नळीत तोलली. तीन तुकड्या, तिन्ही कोऱ्या. मग भांडं नुसतं आम्लाच्या द्रावणाने विसळलं आणि ते विसळण मशीनला दिलं. पीक हजर.

भांडी धुणाऱ्या भाऊला विचारलं. “काहून जी, खराब रायलं का? म्या तं लय घासलं. नवा स्पंज आणला ना बर्डीवरून, नुसत्या पाण्यानं डाग जाते.” त्याने बेसिनजवळून पांढराशुभ्र, हलका चौकोनी तुकडा आणून दाखवला. घासताना खोडरबरासारखा झिजतो तो. हा स्पंज मेलामाईनच्याच फेसाचा असतो, हे मला कॉलेजपासून माहीत. माहीत असून उपयोग काय झाला?

उत्साहाच्या भरात मी त्या स्पंजचा कोपरा कापून, आम्लात भिजवून मशीनला दिला. हा शुद्ध आगाऊपणा. पीक कागदाबाहेर गेलं आणि पुढचा अख्खा दिवस कॉलम, म्हणजे मशीनमधली पदार्थ वेगळे करणारी नळी, धुण्यात गेला. कोऱ्या पाण्यातही मेलामाईन दिसत होतं. सर काही बोलले नाहीत, नुसते येऊन बघून जायचे.

भाऊला रागावायचा विचार आला होता. मग भांडी धुण्याची लेखी पद्धत काढून पाहिली. त्यात लिहिलं होतं, ‘भांडी स्वच्छ घासावीत.’ खाली सही माझी. त्याने घासली होती. स्पंज आणून नऊ दिवस झाले होते. रजिस्टर उलटंपालटं करून पाहिलं, तेवढ्या दिवसांत मेलामाईनसाठी दुसरा एकही नमुना आला नव्हता. तेव्हा कुठे पाणी प्यायले. आता ब्लँकबरोबर खात्रीची कोरी पावडरही त्या भांड्यातून फिरवतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ‘आढळले नाही’ असा रिपोर्ट तयार झाला आणि मी आनंदाने व्यापाऱ्यांना फोन लावला. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

“मॅडम, तुम्ही थांबा म्हटलं ना परवा. मी पार्टीला सांगून टाकलं, तुमच्या मालात मेलामाईन निघालं म्हणून. त्यायनं गाडी पाठवून माल वापस उचलला.”

“निघालं असं मी म्हटलं नव्हतं हो. पुन्हा तपासतोय म्हटलं होतं.”

“आता थे सांगून का फायदा? गाडी कोंढाळी सोडून गेली जी.”