वेताळ, अपडेट ७ : काखेत कळसा

वेताळाच्या गोष्टींवरच्या माझ्या स्टॉप-मोशन फिल्ममधला (बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची) फ्लिकर, म्हणजे उजेडाची थरथर, गेला! काल रात्री १०८ फोटो सलग लावून तीनदा पाहिले. स्मशानातला काळोख जागचा हलला नाही.

राजा झाडाकडे चालत येतो तो नऊ सेकंदांचा शॉट मी तीनदा फेकला होता, हे मागच्या वेळी सांगितलंच. दोन-दोनवर (एक पोझ दोन फ्रेम) काढायचं म्हणजे सेकंदाच्या चोवीस फ्रेमना बारा पोझ, आणि एका शॉटला साडेचार तास. दर वेळी राजाच्या डाव्या गालावर उजेड थरथरायचा. भरपूर उजेडात हे खपून जातं, पण मी अख्ख्या सेटला एकच मिणमिणता दिवा ठेवलाय. तिथे उजेड केसभर बदलला तरी डोळ्यात खुपतो.

‘मग उजेड वाढव ना’ असं सुचवणाऱ्यांना पुन्हा एकदा सांगतो, ‘नाही’. १९८५ची दूरदर्शनवरची ‘विक्रम और बेताल’ मलाही प्रिय आहे. विक्रम झालेल्या अरुण गोविल यांच्या खांद्यावरचे बेताल, म्हणजे नट सज्जन, विसरणं शक्य नाही. २०१८च्या नव्या मालिकेत मकरंद देशपांडे बेताल झाले तेव्हा मी मोठ्या आशेने बसलो होतो. त्यांच्या नुसत्या डोळ्यांनी काम भागलं असतं, पण कॉम्प्युटरच्या झगमगाटाने भीती पळवून लावली. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ या जुन्या संस्कृत कथासंग्रहातला वेताळ प्रेतात शिरून शिंशपेच्या झाडाला लटकतो. आणि तिथला राजा उज्जैनचा नाहीच, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा त्रिविक्रमसेन आहे. प्रतिष्ठान म्हणजे आमचं पैठण! गावच्या राजाला कृष्णपक्षातल्या रात्री ट्यूबलाइटखाली उभं करायचं?

तर फ्लिकर. पहिला संशय अर्थातच लाइटवर. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज बसतं. माझं एक्सपोजर (कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ) दोन सेकंदांचं, त्यात ५० हर्ट्झच्या विजेची लुकलुक मिसळून जाते. व्होल्टेजचा चढउतार मात्र फोटोत उतरतो. म्हणून एलईडी पट्टी १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतली. थरथर निम्मी झाली, पण बॅटरी उतरेल तसा शॉट अंधारत जायला लागला. मध्ये कॉन्स्टंट करंटचा ड्रायव्हर (पट्टीला करंट कायम सारखाच देणारं सर्किट) टाकल्यावर ते थांबलं.

उरलेल्या निम्म्यासाठी लेन्स धरली. ऑटो लेन्सच्या अ‍ॅपर्चरच्या (उजेड आत येण्याच्या भोकाच्या) पात्या दर फोटोला नव्याने मिटतात आणि दर वेळी अगदी तितक्याच मिटतील असं नाही. जुनी हेलिओस ४४-२ लेन्स मागवली. ५८ मिमीची, अ‍ॅपर्चर हाताने फिरवायचं, एकदा ठेवलं की ठेवलं. हे दगडी काम आहे मंडळी, मिळेल तिथून घ्या. ती कॅमेऱ्याला बसवणारा एम-४२ अडॅप्टर मात्र स्वस्तातला घेऊ नका. पहिला आला तो चक्क डुगडुगत होता. पैसे परत मिळाले, पंधरा दिवस गेले.

आणि तरीही गाल थरथरतच होता! कमी झालं होतं, पण होतं.

त्या रात्री आई पाणी द्यायला आली. तिचं माहेर अंबाजोगाईचं. दारातच थांबून म्हणाली, “आरं, तू वाकलास की बाहुल्याच्या तोंडावर उजेड पडायलाय बघ.”

मी स्वतःकडे पाहिलं. मे महिना, कूलर बंद (वाऱ्याने वेताळाच्या तागाच्या जटा हलतात), म्हणून अंगात फक्त पांढरं बनियन. राजाचा डावा पाय हलवला की मी डावीकडेच उकिडवा बसून रिमोट दाबायचो आणि बनियनवरून उजेड त्याच्या गालावर. उजवा पाय हलवला की उजवीकडे बसायचो, गाल पुन्हा काळा. लेन्स बदलली, बॅटरी आणली, अंगातलं मात्र दिसलं नाही. आता काळा फुलबाह्यांचा टी-शर्ट, आणि फोटो नेहमी कॅमेऱ्यामागच्या स्टुलावरूनच. घामाची आंघोळ होते, पण शॉट ओके.

बाकी थोडक्यात. जमिनीसाठी शेतातली काळी माती चाळून, ट्रेमध्ये पातळ थर देऊन उन्हात ठेवली. बाहुलीच्या मापाच्या भेगा आपोआप पडल्या. इतकी चांगली भेग मला कोरून कधी आली नसती. राजाचं उपरणं पैठणीच्या मागावरच्या उरलेल्या धाग्यांचं, जर अस्सल. वेताळाचा खांदा पुन्हा मोडला. बाहुलीच्या आत एक जाड तार घेऊ नका, मोटार रिवायंडिंगवाल्याकडून बारीक तार आणून चार पदर पिळा.

हे लिहिता लिहिता एक डोक्यात आलं. त्या थरथरीला मी महिनाभर शिव्या दिल्या, पण ती दिसायची कशी? चिता भडकावी तशी! मग बनियन काठीला बांधून दर फोटोला सेंटीमीटरभर जवळ आणलं तर? राजा तोंड उघडतो, उत्तर देतो, गाल उजळतो आणि वेताळ निसटतो. चोविसाव्या गोष्टीत एक बाप एका परक्या मुलीशी लग्न करतो, त्याचा मुलगा तिच्या आईशी, आणि त्यांच्या लेकरांचं एकमेकांशी नातं काय, यावर राजा गप्प राहतो. तिथे उजेड अजिबात हलवायचा नाही. हे इतकं चपखल बसतंय की पहिली गोष्ट बाजूला ठेवून आधी चोविसावीच काढावी म्हणतो. चार जास्तीच्या बाहुल्या लागतील, लागू देत.

आज रात्रीच चाचणी घेणार होतो. पण आईने ते बनियन धुवायला नेलं, आणि वर नीळ घातली. आता व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यात पांढरं पांढरंच दिसावं याची जुळणी) पहिल्यापासून.