बटाट्यापुढचं प्रश्नचिन्ह

त्या रात्रीचा केओटी, म्हणजे हॉटेलच्या स्वयंपाकघरात येणारी ऑर्डरची चिठ्ठी, मी अजून फेकलेला नाही. तुपकट डाग पडलेत, शाई पुसट होत चाललीय, पण टेबलावर ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनचं अक्षर लागतं: "रोस्ट चिकन 1. डायबेटिक. बटाटा?"

बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही म्हणून सांगते. स्वयंपाकघरात आम्हाला गिऱ्हाईक दिसत नाही, कागद दिसतो. गर्दीच्या वेळी माणूस म्हणजे बोटभर चिठोरं आणि त्यावर उभ्या उभ्या खरडलेले तीन-चार शब्द. आणि कॅप्टन मंडळींची एक ठाम समजूत असते की आपण लिहिलं म्हणजे आत पोचलं. दहा पावलं चालत येऊन तोंडाने सांगणं त्यांच्या जिवावर येतं. हे मी रागाने लिहितेय आणि राग पूर्ण खरा आहे, पण त्या रात्रीची चूक त्याची एकट्याची नव्हती.

आमचं रोस्ट चिकनचं ताट असं लागतं: खाली कुस्करलेल्या बटाट्याचा मॅश, त्यावर बेकनमध्ये परतलेला कोबी आणि त्याला टेकवून कोंबडीची तंगडी. मॅश कोबीखाली झाकला जातो, वरून दिसत नाही. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

तो कोबी माझा आहे. म्हणजे मेनूवर माझ्या हट्टाने आला. लो-कार्ब मागणारे वाढले तेव्हा आमच्याकडे त्यांना उकडलेल्या भाज्या द्यायचे, मीठ-मिरी भुरभुरवून. आजाऱ्याला द्यावं तसं. मला ते बघवेना. 100 ग्रॅम कच्च्या कोबीत कर्बोदकं 6 ग्रॅमच्याही किंचित खाली, त्यातला तंतू वजा केला की 3 ते साडेतीनच्या आसपास. बेकनमध्ये जवळजवळ शून्य. एवढी मोकळीक असताना बेचव कशाला खायचं?

करायला सोपा आहे, पण सोप्या पदार्थात लपायला जागा नसते. चार जणांना 120 ग्रॅम बेकन, बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या कापून, थंड पॅनमध्ये. पॅन आधी तापवला की मांस करपतं आणि चरबी आतच अडकून राहते. वर दोन चमचे पाणी, आच मंद. पाणी आहे तोवर पॅन फार तापत नाही आणि चरबीला सुटायला निवांत वेळ मिळतो. मग कानाने काम करायचं. आधी नुसतं खदखदणं असतं, पाणी उडालं की तडतड सुरू होते, आणि शेवटी बारीक पांढरा फेस येऊन आवाज दबतो. त्या क्षणी बेकन उचलायचं, हवा त्यापेक्षा एक छटा आधी, कारण कुरकुरीतपणा पॅनमध्ये पुरा होत नाही, गार होताना होतो. नवी पोरं पॅनमध्येच कुरकुरीत करायला जातात आणि मग ताटात कोळसे येतात.

पाकीट मी स्वतः वाचते. बऱ्याच बेकनमध्ये मुरवताना मिठाबरोबर साखरही घालतात. ग्रॅमात मोजाल तर थोडीच, पण ती आधी जळते, पॅनच्या बुडाला काळे ठिपके धरतात आणि कोबीला कडवट वास लागतो.

चरबी दोन मोठे चमचे ठेवून बाकीची ओतून घ्यायची. कोबी बोटभर रुंद कापलेला, धुतलेला आणि कोरडा. अगदी कोरडा, फडक्यात गुंडाळून दाबलेला. ओला टाकलात तर तो भाजत नाही, स्वतःच्या वाफेत उकडतो. आच मोठी करायची, एका थरात पसरायचा आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. हे दोन मिनिटं हात न लावणं शिकवायला मला सहा-सहा महिने लागतात. कडा तपकिरी झाल्या की एकदा उलटायचा. मीठ शेवटी आणि चाखूनच: आधी घातलं तर पाणी सुटतं, शिवाय बेकन स्वतःच खारट असतं. पाच-सहा मिनिटांत आटपायचं, कोबी फार शिजला की गंधकाचा वास सोडतो. उतरवताना चमचाभर व्हिनेगर, बुडाला धरलेलं खरवडून त्यात मिसळायचं, मिरी, वरून बेकन. कांदा नाही. पुष्कळ जण घालतात, पण त्याच्यात कोबीच्या दीडपट कर्बोदकं असतात आणि तो कोबीच्या आधी करपतो.

एवढं सविस्तर लिहिलं कारण त्या रात्री मी ज्या खात्रीने वागले ती इथून आली होती.

कागद आला तेव्हा नऊला दहा कमी होते. "डायबेटिक. बटाटा?" मी वाचलं: बटाटा चालत नाही, काय करू? मनात लगेच उत्तर तयार. मॅश काढला, दुप्पट कोबी घातला, रचना मोडू नये म्हणून खाली कोबीचाच जाड थर दिला. ताट देखणं झालं. पासवर, म्हणजे तयार ताटं उचलायच्या कट्ट्यावर, ठेवताना मला समाधान वाटलं होतं, ते मला आठवतं. कुणाची तरी न सांगता काळजी घेतली असं. कॅप्टन उचलायला आला, मी म्हटलं, "यांचं लो-कार्ब करून दिलंय." त्याने मान हलवली आणि गेला. टेबलावर तो काहीच बोलला नाही.

नऊ पस्तीसला स्वयंपाकघराच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल. घाबरलेली होती पण आवाज स्थिर.

"बाबांच्या ताटात मॅश नव्हता का?"

मी म्हटलं, "नाही, डायबेटिस आहे ना, म्हणून मुद्दाम…"

तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "त्यांनी मॅशचं इन्सुलिन घेतलंय."

हे वाक्य कळायला मला दोन-तीन सेकंद लागले. इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतं, आणि ती सावरायला पोटात मॅश नव्हताच. तिच्या हातात वडिलांचा फोन होता. दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा त्यावर 64 दाखवत होता आणि शेजारचा बाण सरळ खाली. 70 च्या खाली गेलं की तिथेच उपाय करायचा असतो.

मी बाहेर धावले. गृहस्थ खुर्चीत ताठ बसले होते, कपाळावर घाम, रुमाल हातात पण पुसायचं सुचत नव्हतं. तोवर कॅप्टन धावपळ करून एक शीतपेय घेऊन आला. डाएट. साखर नसलेलं. "डायबेटिस आहे ना सर," असं म्हणत. माझंच वाक्य, जसंच्या तसं. मुलीने तो ग्लास बाजूला सारला. मी आत जाऊन पाण्यात चार चमचे साखर ढवळून आणली, म्हणजे साधारण 16 ग्रॅम. ते प्यायले. मग पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा बघायचं. शेजारच्या टेबलावर कुणी चॉकलेट पुढे केलं, मुलीने नको म्हटलं: चॉकलेटातल्या चरबीने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. त्यांच्या पोटात तर आधीच माझा बेकनचा कोबी होता, दुप्पट.

त्या पंधरा मिनिटांत तिने सगळं सांगितलं. त्यांना लहानपणापासून टाइप 1 मधुमेह आहे, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, ते टोचून घ्यावं लागतं. खातात सगळं, फक्त मोजून. ऑर्डर देताना त्यांनी दोन प्रश्न विचारले होते: ताटात बटाटा साधारण किती असतो, आणि यायला किती वेळ लागेल. जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं इन्सुलिन घ्यायचं असतं, म्हणून. कॅप्टनला वाटलं घाई आहे. पहिला प्रश्न त्याने कागदावर लिहिला, प्रश्नचिन्हासकट, मला विचारायला म्हणून. आणि माझं उत्तर यायच्या आतच त्यांना सांगून टाकलं, "दोन मोठे डाव असेल, सर." त्यांनी 30 ग्रॅम कर्बोदकं धरली. तो अंदाज बरोबरच होता, आम्ही 180 ग्रॅम मॅश घालतो. ताटात त्यातलं काहीच नव्हतं, आणि गप्पांच्या नादात कोबीखाली काय आहे हे त्यांना बराच वेळ कळलं नाही.

"कितीही असू दे हो," ती म्हणाली. "फक्त किती ते सांगा. आणि बदललं तर तेही सांगा."

दुसऱ्यांदा आकडा 81 आला, बाण आडवा झाला. त्यांना बोलता यायला लागल्यावर ते पहिलं काय म्हणाले तर, "बाई, घाबरू नका." मला त्यावर काही बोलता आलं नाही. मग त्यांनी मॅश मागितला. मी तराजूवर 180 ग्रॅम मोजून वाटीत घातला, आकडा कागदावर लिहून स्वतः नेऊन दिला. त्यांनी आधी कागद वाचला, मग खाल्ला.

व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी ठरवलं की मधुमेही गिऱ्हाइकाला शेफने काहीही सांगायचं नाही, जबाबदारी येते. हे मला अजिबात पटलेलं नाही. वजन आमच्याकडे असतं. आम्ही नाही सांगायचं तर ते अंदाजाने सुई टोचणार. मी भांडले, अजून भांडतेय. पासच्या वरच्या फरशीवर मार्करने मॅश, कोबी, पाव, सगळ्यांची वजनं लिहिली आहेत. दोनदा कुणीतरी पुसली, दोनदा मी परत लिहिली.

कॅप्टनशी मात्र नीट भांडता येत नाही. तो म्हणतो, मी प्रश्न विचारला होता, तुम्ही उत्तर द्यायला हवं होतं. खरं आहे. मी म्हणते, तू माझ्या उत्तराची वाट कुठे पाहिलीस, आणि मी बदल सांगितला तो टेबलापर्यंत का नाही नेलास? तेही खरं आहे.

ते ताट धुवायच्या जागेवर परत आलं तेव्हा मी पाहिलं होतं. तंगडी अर्धी खाल्लेली. आणि कोबीच्या मधोमध काट्याने एक खड्डा केलेला, खाली पांढरी बशी दिसेपर्यंत. तिथे ते मॅश शोधत होते.