गोळाफेकीत ४५ अंशांचा हट्ट सोडा

शाळेच्या मैदानावर गोळाफेकीचा सराव चालू असला की एक सूचना हमखास कानावर पडते: "वर फेक, अजून वर, ४५ अंशात!" ४५ अंशात फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते हा पुस्तकातला नियम बरोबर आहे, पण तो दोन अटींवर उभा आहे. एक, वस्तू ज्या उंचीवरून सुटते त्याच उंचीवर ती पडली पाहिजे. दोन, कुठल्याही कोनात फेकली तरी सुटतानाचा वेग तोच राहिला पाहिजे. गोळाफेकीत या दोन्ही अटी मोडतात.

पहिली अट समजायला सोपी आहे. गोळा हातातून सुटतो तेव्हा तो जमिनीपासून साधारण १.७ ते २.२५ मीटर उंच असतो आणि पडतो थेट जमिनीवर. या जादा उंचीमुळे योग्य कोन ४५ च्या खाली येतो. समजा, एखाद्या मुलीच्या हातून गोळा १.७ मीटर उंचीवरून सेकंदाला ९ मीटर वेगाने सुटला. हवेचा विरोध सोडून दिला (गोळ्याच्या बाबतीत तो फारच थोडा असतो) तर तिच्यासाठी गणिताने सर्वांत चांगला कोन ४० अंशांचा येतो आणि फेक ९.८१ मीटर जाते. तोच वेग ठेवून ४५ अंशात फेकला तर ९.७० मीटर. म्हणजे पाच अंश चुकले तरी नुकसान जेमतेम ११ सेंटिमीटरचं.

आता कोन ४० च्या आसपासच ठेवा आणि वेग फक्त अर्ध्या मीटरने वाढवून ९.५ करा. फेक जाते १०.७७ मीटर, जवळजवळ एक मीटर जास्त! सुटण्याची उंची १० सेंटिमीटरने वाढवली तर मिळतात आठ-नऊ सेंटिमीटर. गोळ्याचा सगळा प्रक्षेपमार्ग वेग, कोन आणि उंची या तीन गोष्टींवर ठरतो आणि त्यात वेगाचं वजन इतकं मोठं आहे की बाकीच्या दोन्हींचा विचार वेगाला धक्का न लावता करायला हवा.

दुसरी अट मोडते ती शरीरामुळे. गोळा जितका उभा ढकलाल तितकी ताकद त्याचं वजन उचलण्यातच जाते आणि वेग वाढवायला कमी उरते. शिवाय खांदा आणि छाती यांची रचनाच अशी आहे की आपण समोर जितक्या जोरात ढकलू शकतो तितकं डोक्यावर ढकलू शकत नाही. व्यायामशाळेत बेंच प्रेस (पाठीवर झोपून छातीसमोर ढकलणं) आणि शोल्डर प्रेसला (डोक्यावर ढकलणं) लावलेली वजनं शेजारी ठेवून बघा, फरक लगेच दिसेल. म्हणून कोन वाढला की वेग पडतो. ७.२६ किलोचा गोळा १९-२० मीटर फेकणाऱ्या पुरुष खेळाडूचं उदाहरण घेऊ. सेकंदाला १३ मीटर वेग, दोन मीटर उंची. गणित सांगतं कोन ४२ अंश, फेक १९.१२ मीटर. तोच खेळाडू कोन ३७ वर आणून १३.५ चा वेग काढू शकला तर फेक २०.२० मीटर. कोन 'चुकीचा', फेक मीटरभर लांब. अव्वल खेळाडूंचे कोन बहुतेक वेळा ३५ ते ३९ च्या घरात दिसतात, ते यामुळेच.

"वर फेक" ही सूचना ऐकून मुलं नेमकं काय करतात ते बाजूने उभं राहून बघा. ती मान मागे टाकतात, कंबरेतून मागे वाकतात आणि पायांचा जोर संपण्याआधीच हात सोडतात. कोन वाढतो खरा, पण पाय आणि कंबर यांच्याकडून येणारा वेग वाया जातो. उलट ज्यांचा गोळा फारच सपाट जातो, ३० अंशांच्या खाली, त्यांच्यात दोष हाताचा क्वचितच असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय स्टॉपबोर्डजवळ (वर्तुळाच्या पुढच्या कडेला बसवलेल्या फळीजवळ) ताठ रोवला जात नाही, गुडघा दुमडतो, शरीर पुढे कोसळतं आणि गोळा खाली सुटतो. तिथे वेग, उंची आणि कोन तिन्ही एकदम जातात. सूचना द्यायचीच तर "डावा पाय ताठ" अशी द्या, कोन आपोआप वर येतो.

मोकळ्या, म्हणजे गोळा नसलेल्या हाताचंही काम असतं. तो आधी उघडून मग अंगाशी ओढून घेतला की धड जोरात वळतं आणि वेळेवर थांबतं. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांचा डावा हात अपघातानंतर कमकुवत झाला, तरी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २०२४ साली त्यांनी एफ-४६ गटात (हातात कमजोरी असलेल्या खेळाडूंच्या गटात) १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक मिळवलं. ही फेक किती मोठी आहे हे मोकळ्या हाताचं काम माहीत असलेल्यालाच नीट कळेल.

कोन अंदाजाने सांगू नका, मोजा. स्लो मोशन असलेला फोन पुरतो. सेकंदाला २४० फ्रेमचं सेटिंग लावा, फोन फेकीच्या रेषेला काटकोनात, आठ-दहा मीटर दूर आणि खांद्याच्या उंचीवर स्टँडवर ठेवा. गोळा ज्या रेषेत जाणार तिथेच एक मीटरची काठी धरून तिचं आधी चित्रण करून घ्या. मग गोळा हातातून सुटल्यानंतरची पहिली फ्रेम आणि तिच्यापुढची दहावी फ्रेम घ्या. मधला वेळ होतो सेकंदाचा चोविसावा भाग. समजा, काठीच्या मापाने गोळा २९ सेंटिमीटर पुढे आणि २४ सेंटिमीटर वर गेला. २४ भागिले २९ म्हणजे ०.८३, कोन सुमारे ४० अंश. तिरकं अंतर ३७.६ सेंटिमीटर, त्याला २४ ने गुणलं की वेग सेकंदाला ९ मीटर. फोन तिरका असला किंवा काठी गोळ्याच्या रेषेऐवजी फोनच्या जवळ धरली, तर आकडे सरळ चुकतात. व्हिडिओ दुसऱ्या ॲपमधून पाठवला तर फ्रेम गळतात, म्हणून मूळ फाइलवरच मोजा.

भालाफेकीला हे गणित जसंच्या तसं लावू नका, तिथे हवा मोठी भागीदार आहे. भाला ज्या दिशेने निघतो आणि त्याचं टोक ज्या दिशेला असतं, त्या दोन दिशांमधला फरक जितका कमी तितकं बरं. टोक फार वर राहिलं तर भाला हवा अडवतो, वेग गमावतो आणि लवकर खाली येतो. नवशिक्यांच्या बहुतेक फेकी इथेच मरतात: हात मागे नेताना तळहात खाली जातो आणि टोक आकाशाकडे उठतं. भाल्याचं टोक डोळ्यांच्या उंचीजवळ ठेवायची सवय लावली की अर्धा प्रश्न सुटतो.

हवेचा वाटा किती मोठा हे १९८४ साली जगाने पाहिलं. पूर्व जर्मनीचे भालाफेकपटू उवे होन यांनी १०४.८० मीटर फेक केली. त्या काळचे भाले तरंगत जाऊन आडवे पडायचे, टोक आधी टेकलं की नाही, म्हणजे फेक वैध की अवैध, यावर वाद व्हायचे आणि आता मैदानही अपुरं पडू लागलं. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर भाला तोलला जातो तो) सुमारे चार सेंटिमीटर पुढे सरकवला. त्यामुळे टोक लवकर खाली झुकतं, भाला टोकावर पडतो आणि अंतर घटतं. वजन मात्र ८०० ग्रॅमच राहिलं. जुन्या पुस्तकांतली भालाफेकीची तंत्रं वाचताना पुस्तक १९८६ च्या आधीचं की नंतरचं हे आधी तपासा.