हळद शिजली की नाही, हे काडीला विचारा

काढणीनंतर हळद शेतात पडू देऊ नका. 4-5 दिवसांत शिजवा. बेण्यासाठीचे (पुढच्या लागवडीचे) जेठे गड्डे, म्हणजे बुंध्याखालचे मुख्य जाड कंद, सावलीत ठेवा. उरलेले गड्डे आणि हळकुंडे (गड्ड्याला फुटलेली बोटांसारखी कांडी) वेगवेगळी शिजवा. गड्डा जाड, त्याला वेळ जास्त लागतो. एकत्र घातलं की हळकुंडांचा गाळ होतो, गड्डे आतून कच्चेच.

काहिलीत (मोठ्या कढईत) माल बुडून वर चार बोटं पाणी हवं. फेस आला, हळदीचा वास सुटला की चार-पाच हळकुंडं काढून काडी टोचा. सहज आरपार गेली की लगेच उतरवा. जास्त शिजली तर रंग काळपट पडतो. कच्ची राहिली तर वाळवणीला जास्त दिवस लागतात आणि पॉलिशमध्ये (वरची खरबरीत साल घासून काढताना) तुकडे पडतात. वाफेच्या कुकरमध्ये काम झटपट होतं, इंधनही कमी लागतं. सांगली असो वा हिंगोली, आता काहिलीचा हट्ट कशाला?

वाळवण मातीवर नको. ताडपत्रीवर दोन-अडीच इंचांचा थर द्या, रात्री झाका. अवकाळीत भिजलेल्या हळदीचा रंग परत येत नाही. 10-15 दिवसांत हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आला, की ड्रममध्ये पॉलिशला घाला. 100 किलो ओल्या हळदीची साधारण 20 किलो वाळलेली धरा.