नऊ एकर गवत आणि एक म्हातारा मॅसी

ट्रॅक्टर घ्यायचं ठरल्यावर पहिला फोन अण्णांना केला. त्यांनी विचारलं, "पेरणार काय?"

"काही नाही."

"मग?"

"गवत कापायला पाहिजे."

"गुरं घेतलीस व्हय?"

"नाही."

"मग कापून करणार काय?"

"काही नाही. तिथंच पडू द्यायचं. कुजतं."

पलीकडं बराच वेळ शांतता. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "बरं. आईशी बोल."

अण्णांचं चूक नाही. आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत, तोही आला तर. २०१३ च्या उन्हाळ्यात अण्णा म्हैस आणि खिलार बैलजोडी घेऊन चारा छावणीत राहिले होते. गुरांबरोबर माणूसही तिथंच, ताडपत्रीखाली. उसाची मोळी आली की ती मोजून घ्यायची आणि रात्री शेजारच्या दावणीकडं एक डोळा ठेवून झोपायचं. त्या माणसाला मी सांगत होतो की माझ्याकडं नऊ एकर कमरेएवढं गवत आहे आणि ते मला नको आहे.

मी राहतो व्हर्जिनियात, ब्लू रिज डोंगराच्या पायथ्याशी. बारा वर्षं शहरातल्या जोडघरात काढली आणि मग जमीन घ्यायची हुक्की आली. हुक्की माझी, हप्ते दोघांचे, असं बायको म्हणते. अकरा एकर मिळाली. दोन एकरात घर, विहीर आणि झाडी, बाकी सगळं कुरण. आधीचा मालक गाई पाळायचा, त्या गेल्या आणि गवत राहिलं. इथं पाऊस हजार मिलिमीटरच्या वर आणि तो बाराही महिने वाटून पडतो. म्हणजे मे महिन्यात गवताकडं पाठ केली की मागून वाढल्याचा आवाज यावा. एक वर्ष सोडून दिलं तर काटेरी रानगुलाब शिरतो. दोन-तीन वर्षांत लाल सीडरची रोपं गुडघ्याला लागतात आणि पुढं ते रान आवरायला ट्रॅक्टर नाही, बुलडोझर लागतो. म्हणून कापायचं. बाकी काही कारण नाही.

इथं एक गंमत सांगतो. अमेरिकेत आल्यावर माझं सगळं मोजमाप बदललं. किलोमीटरचे मैल झाले, किलोचे पौंड आणि उन्हाचा आकडा तर शंभरच्या पुढं गेला. एकर तेवढा तोच राहिला. ४३,५६० चौरस फूट, तिकडंही आणि इकडंही. फक्त आमचे चाळीस गुंठे इथं कोणाला ठाऊक नाहीत. मी मात्र अजून गुंठ्यात विचार करतो. सीडरनं पंधरा गुंठे खाल्ले की माझ्या पोटात गोळा येतो, पाव एकराच्या वर गेली म्हटलं तर तेवढा येत नाही.

पहिलं वर्ष एका माणसाला पैसे देऊन कापून घेतलं. त्याला जमेल तेव्हा तो यायचा, आणि त्याला जमायचं तेव्हा पाऊस यायचा. नवा ट्रॅक्टर बघायला गेलो तर पस्तीस अश्वशक्तीचा छोटा मॉडेलसुद्धा पंचवीस हजार डॉलरच्या घरात. शोरूमच्या ओळीत लालबुंद महिंद्रा दिसला. तो १९९४ पासून या देशात विकला जातो. त्याच्या बॉनेटवर थोपटलं, उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं, आणि परत आलो. वर्षातून तीनदा गवत कापायला एवढे पैसे घालणं म्हणजे अण्णांना तोंड दाखवायची सोय नाही.

तेव्हा जुना.

जुना म्हटलं की इथं आधी फोर्ड ८एन पुढं येतो. १९४७ ते १९५२ या पाच-सहा वर्षांत पाच लाखांवर निघाला. करडे पत्रे, पोटाखाली लाल. दिसायला इतका देखणा की दिवाणखान्यात ठेवावा. मी एक बघायला गेलो आणि जवळजवळ पैसे काढलेच होते. पण वाचून गेलो होतो म्हणून वाचलो. त्याचा पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला इंजिनचा जोर देणारा फिरता दांडा, गिअरबॉक्समधून येतो. आपण क्लच दाबला तरी मागं जोडलेल्या कटरचं, म्हणजे गवत कापायच्या यंत्राचं, जड पातं फिरतच असतं, आणि त्या फिरण्याचा जोर उलटा गिअरबॉक्समधून चाकांकडं येतो. ट्रॅक्टर थांबत नाही, ढकलत राहतो. कुंपणाच्या अलीकडं थांबू म्हणणारा माणूस कुंपणाच्या पलीकडं थांबतो. त्यावर उपाय आहे, शाफ्टवर एकाच दिशेनं जोर देणारी एक कपलिंग बसवायची, पण ती न बसवता त्याच्या मालकानं वीस वर्षं काढली होती हे त्याच्या कुंपणाकडं बघून कळत होतं.

मग मिळाला मॅसी फर्ग्युसन १३५. १९६४ ते १९७५ मधला मॉडेल, तीन सिलिंडरचं पर्किन्स डिझेल इंजिन, पीटीओवर साधारण सदतीस अश्वशक्ती. याचा क्लच दोन टप्प्यांचा. अर्धा दाबला की चाकं थांबतात, पूर्ण दाबला की पातंही. पण खरं सांगायचं तर क्लच हे बायकोला सांगायचं कारण होतं. माझं कारण वेगळं. आमच्या गावात पहिला ट्रॅक्टर आला तो मॅसी १०३५. मद्रासच्या टॅफे कंपनीचा, मॅसी फर्ग्युसनशी करार करून भारतातच बनवलेला, तीन सिलिंडरचाच. पहाटे तो चालू व्हायचा तेव्हा आमच्या घराची भांडी फळीवर किणकिणायची. मी जाहिरातीतला व्हिडिओ लावला आणि स्वयंपाकघरात कोणीतरी भांडी हलवतंय असं वाटून वळून बघितलं.

विकणारा ऐंशीच्या घरातला दूधवाला शेतकरी. गाई विकून त्याला बरीच वर्षं झाली होती. मी गेलो तो डोक्यात अण्णांना घेऊनच. लहानपणी त्यांच्याबरोबर खरसुंडीच्या यात्रेला जायचो. बैल बघताना ते व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे नाहीत, बैलाच्या बघायचे. जबडा उघडून दात मोजायचे. आदत, दुसा, चौसा आणि सगळे दात आले की जुळलेला. मग मागून चालवून बघायचे, शेपूट ओढायचे, अंगावरचे भोवरे तपासायचे. शिंगं तासून रंगवलेला बैल दिसला की पुढं चालू लागायचे. "रंग बैलाला न्हाय, गिऱ्हाइकाला लावत्यात."

या मॅसीला रंग नव्हता. कधीकाळी लाल असलेले पत्रे वीटकरी झाले होते. मी आधी काही न बोलता इंजिनवर हात ठेवला. गार. गिऱ्हाईक यायच्या आधी चालू करून तापवून ठेवलेलं इंजिन कोणीही चालू करतं. गार इंजिन एका सेलमध्ये, म्हणजे स्टार्टरच्या एका झटक्यात, उठतं का हे बघायचं असतं. ऑइलची दांडी ओढली. काळं तेल, ठीक. दुधाळ असतं तर पाणी मिसळलंय समजून तिथूनच राम राम. प्लेटवरचा नंबर टिपून घेतला. दात मोजायची इथली तऱ्हा ती. तक्त्यात बघितलं, १९७१. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. म्हणजे जुळलेलाच.

मागच्या डाव्या रिमवर व्हॉल्व्हभोवती गंज होता. वजनासाठी टायरात कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरतात, थंडीत गोठू नये म्हणून. ते झिरपलं की लोखंड खातं. हे मी मनात ठेवलं, बोललो नाही. मग म्हाताऱ्यानं किल्ली फिरवून पंधरा-वीस सेकंद धरली, आतली हवा तापू दिली आणि सेल मारला. एक खोकला, पांढऱ्या धुराचा एक लोट आणि चालू. भांडी किणकिणली, म्हणजे माझ्या डोक्यात.

इकडं सकाळचे दहा, तिकडं संध्याकाळचे साडेसात. अण्णांना फोन लावून तो बॉनेटजवळ धरला. म्हटलं, "अण्णा, बघा..."

"बोलू नको. ऐकू दे."

मी गप्प.

"रेस दे." दिली. "सोड." सोडली. "परत दे." म्हातारा माझ्याकडं बघतोय, मी फोनकडं. मग अण्णा म्हणाले, "दम हाय. टॅपेट वाजतंय. त्ये चालतंय, पर त्येला सांग."

सांगितलं. म्हाताऱ्यानं फोनमधल्या, ओट्यावर बसलेल्या अण्णांना नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "खरं आहे. बरीच वर्षं वाजतंय." कटर उचलून इंजिन बंद केलं आणि आम्ही गाईंवर बोलत उभे राहिलो. दहा मिनिटांत कटर चार बोटं खाली उतरला. हायड्रॉलिकची गळती. रिम, टॅपेट आणि ही चार बोटं, अशी तीन कारणं पुढं करून साडेचार हजारांचे एकेचाळीसशे झाले. रुमालाखाली बोटं धरून सौदा करायची इथं पद्धत नाही, नाहीतर अजून शंभर सुटले असते.

कटर त्यातच आला, पाच फुटी. इथं त्याला सगळे बुश हॉग म्हणतात, कंपनी कोणतीही असो. आपल्याकडं खोदणारं प्रत्येक पिवळं यंत्र जेसीबी असतं तसं. ट्रॅक्टरला डोक्यावर संरक्षणाची कमान मात्र नव्हती. त्या काळी सहसा बसवत नसत. इथं शेतावर माणसं सर्वांत जास्त मरतात ती ट्रॅक्टर उलटून. कमान आणि पट्टा आधी बसवून घेतला, मग पहिलं गवत. या खर्चावर अण्णांनी घासाघीस सुचवली नाही.

उतारावर या मॅसीची एक खोड कळली. त्याला मल्टी-पॉवर नावाचा दांडा आहे, चालता चालता वेग बदलणारा. तो लो मध्ये ठेवून उतारावर गेलं की इंजिन धरून ठेवत नाही, ट्रॅक्टर मोकळा सुटतो. पहिल्या दिवशी ओढ्याकडं जाताना सुटला. ब्रेक लागले, पण तोवर मला खंडोबा, म्हसोबा आणि विमा कंपनी, तिघंही आठवून झाले होते. आता उतारावर दांडा हाय मध्येच.

गवत कापायच्या आधी शेजारणीनं एक सांगितलं होतं. मे-जूनमध्ये हरिणी पाडस गवतात ठेवून चरायला जाते आणि ते पाडस धोका आला की पळत नाही, आणखी दबून बसतं. म्हणून आधी पायी फिरून घ्यायचं. मला दुसऱ्या दिवशी एक सापडलं, ओढ्याच्या वरच्या अंगाला. मांजराएवढं, ठिपक्यांचं, मान जमिनीला चिकटवलेली. डोळे उघडे होते आणि पापणी हलत नव्हती. ते गवत आठ दिवस तसंच ठेवलं. आता माझ्या कुरणाच्या मध्यावर गुंठाभर झुलपं असायचं, न्हाव्यानं अर्ध्यात सोडल्यासारखं.

पाच फूट रुंदीनं एक एकर कापायचा तर अडीच किलोमीटरच्या वर चालायला लागतं. नऊ एकरांचे चोवीस. एवढ्या अंतरात माणूस गावाहून खरसुंडीला जाऊन परत येईल. मी आपला त्याच जागी गोल गोल, नाकात हिरवा वास, मागं झोपलेलं गवत. वास अगदी कडबाकुट्टीतून निघणाऱ्या ओल्या वैरणीचा. तेवढ्यासाठी टोपी काढून बसतो.

पहिली पूर्ण कापणी झाली तेव्हा टेकडीवरून व्हिडिओ काढला. उतरतं ऊन, मागं निळा डोंगर, सगळं कुरण विंचरल्यासारखं. गावाकडं पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. मला वाटलं, वाया गेलेल्या वैरणीचा राग असणार.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा मेसेज आला, बोलून टाईप केलेला.

"बांधाकडंचं राहिलंय."

राहिलं होतं. तिथं गवतात जुनी काटेरी तार आहे, पात्यात गुंडाळली जाईल म्हणून मी लांबूनच वळत होतो. शनिवारी विळा घेऊन गेलो.