माझ्या हेराच्या खिशातलं पाकीट

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि एकदाच काय ते नीट लिहितेय, कारण गेली सहा वर्षं हा प्रश्न येतोच आहे आणि दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी बोलून वेळ मारून नेते. प्रश्न असा की तिसऱ्या पुस्तकात एवढा रंगात आलेला प्रसंग चालू असताना तुमचा हेर मध्येच कंडोम कशाला काढतो? कुणी म्हणतं जाहिरात वाटली, कुणी म्हणतं मूड गेला, कुणी सरळ विचारतं की तुम्ही हेरकथा लिहिताय की आरोग्याचं पुस्तक. आणि एका बाईंनी फार प्रेमाने लिहिलं होतं की खऱ्या आयुष्यात आम्ही सगळीकडे सांभाळूनच राहतो, निदान पुस्तकातल्या माणसाला तरी मोकळं सोडा. त्यांना मला आजपर्यंत उत्तर देता आलेलं नाही. बाकीच्यांना देते.

तर पहिली गोष्ट, त्या चार ओळी आहेत. चारच. त्याच पुस्तकात पिस्तूल उघडून साफ करून परत जोडायला मी दीड पान घेतलंय आणि त्याबद्दल एकाही माणसाने मूड गेला म्हणून कळवलं नाही, उलट ते पान आवडल्याचं लोक आवर्जून सांगतात. म्हणजे हेराची तयारी वाचायला आपल्याला आवडतं. किंबहुना हेरकथेची अर्धी गंमतच त्यात आहे. १९५३ सालच्या पहिल्याच बाँड कादंबरीत तो हॉटेलच्या खोलीत परत येतो तेव्हा ड्रॉवरला लावून ठेवलेला केस जागेवर आहे का ते बघतो, आणि मग संडासाच्या टाकीचं झाकण उचलून आत पाणी खुणेपर्यंत आहे का तेसुद्धा बघतो. ते वाचताना मी लहानपणी थरारून गेले होते. टाकीतलं पाणी तपासणारा हा माणूस पलंगापाशी पोचला की त्याची सगळी सावधगिरी कुठे जाते, हे मात्र मला तेव्हा सुचलं नाही. तुम्हालाही सुचलं नसेल.

'तो काळच वेगळा होता' हे मला मान्य आहे. गुप्तरोगांवर पेनिसिलिन आलं होतं, १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मंजुरी मिळाली, १९६२ मध्ये बाँडचा पहिला सिनेमा आला, आणि त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षं अशी होती की बेफिकीर राहिलं तरी चालतं असं बऱ्याच जणांना खरोखरच वाटत होतं. मग १९८१ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले. १९८७ ला नवा बाँड आला तेव्हा त्याच्या बायका कमी झाल्या आणि त्याचा संबंध लोकांनी तेव्हाच एड्सशी जोडला. पण बघा ना, उपाय काय काढला, तर संख्या कमी करा. खिशातून कंडोमचं पाकीट काढून दाखवा असं नाही. दिवसाला सत्तर सिगारेटी ओढणाऱ्या त्याच माणसाच्या हातातली सिगारेट पुढे पडद्यावरून गेली आणि त्याने बाँड कमी झाला असं कुणाला वाटलं नाही. १९६४ च्या कादंबरीत त्याच्यापासून एक बाई गरोदर राहते, २०२१ च्या सिनेमात त्याला चक्क मुलगी आहे. म्हणजे परिणाम चालतो, त्यातून गोष्ट निघते, रडता येतं. टाळण्याची ती चार सेकंदं तेवढी चालत नाहीत.

आणि कंडोमला हेरगिरीत जागा नव्हती असंही नाही, हे मला फार सांगायचं असतं. १९३९ मध्ये इंग्रजांनी जहाजाच्या तळाला लोहचुंबकाने चिकटणारा सुरुंग बनवला, त्यातला खटका अडवून धरायला बडीशेपेच्या चवीची गोळी वापरली, पाण्यात गोळी विरघळली की खटका सुटणार आणि स्फोट होणार. पण वेळेआधी ओल लागू नये म्हणून त्यावर काय चढवायचे, तर कंडोम. १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना सैनिकांनी बंदुकीच्या नळीत पाणी आणि वाळू जाऊ नये म्हणून तोंडाला तेच लावलं होतं. सुरुंगाला आणि बंदुकीला घातलेला चालतो, तिथे कुणाची मर्दानगी कमी होत नाही.

बरं, हे सगळं मी वाद घालायला गोळा केलेलं सामान आहे. खरं कारण हे नाही.

मी चोवीस वर्षांची होते. तो कोण हे महत्त्वाचं नाही, वाईट माणूस नव्हता, ओळख तीन आठवड्यांची. त्या रात्री माझ्या पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात एक पाकीट होतं, मी स्वतः विकत घेतलेलं, निळं, चौकोनी, वरून बोट फिरवलं की आतली गोल कडा लागते ते. मी पर्स घेऊन बाथरूममध्ये गेले. पाकीट बाहेर काढलं. दिव्याखाली धरून एक्सपायरी डेट वाचली, अजून दोन वर्षं होती. म्हणजे माहिती होती, वस्तू होती, तारीख बरोबर होती, आणि मी ते परत कप्प्यात ठेवून चेन लावली. कारण डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, हे काढलं तर तो म्हणेल ही तयारीनिशी आलीय. तो काढेल असं वाटलं. त्याने काढलं नाही. मी बोलले नाही.

सहाव्या दिवशी मला ताप आला. साधाच असणार, तीन दिवसांत उतरला. पण त्या तीन दिवसांत मी जेवढं वाचलं तेवढं परीक्षेला वाचलं नसेल. त्यातच कळलं की ७२ तासांच्या आत औषधं सुरू केली आणि २८ दिवस घेतली तर एचआयव्हीचा संसर्ग टळू शकतो. हे वाचलं तेव्हा माझे ७२ तास केव्हाच उलटून गेले होते.

टेस्टला गेले तिथे आधी काउन्सेलरकडे पाठवतात. बाई माझ्या आईच्या वयाच्या. फॉर्म पुढे घेऊन एकेक विचारत होत्या, वय, झोप, भूक, आणि त्याच आवाजात, मान खालीच ठेवून, "कंडोम वापरला होता?" मी म्हटलं, "हो." इतकं पटकन आलं ते की मलाच कळलं नाही. त्यांनी टिक केली. पेन कागदावर उमटल्याचा बारीक आवाज आला. मग वर बघून म्हणाल्या, "मग एवढी घाबरलीस कशाला गं?" मी काहीतरी पुटपुटले आणि बाहेर आले, जिना निम्मा उतरले आणि तिथेच पायरीवर बसले. लोक बाजूने जात होते. जिथे खरं सांगितलं तर कुणी काही म्हणणार नव्हतं, जिथे खरं सांगायलाच गेले होते, तिथेही मला चांगली मुलगी दिसायचं होतं. वीसेक मिनिटं बसले असेन. परत वर गेले तर त्यांच्यासमोर दुसरं कुणी बसलेलं, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले आणि आत गेल्यावर उभ्या उभ्याच म्हणाले, "मघाशी मी खोटं बोलले." त्यांनी गठ्ठ्यातून माझा फॉर्म काढला, टिक खोडली, शेजारी छोटी सही केली आणि एवढंच विचारलं, "किती दिवस झाले?" ना उपदेश, ना चेहरा. म्हणाल्या आजची टेस्ट निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत यायचं, कारण लागण झाल्याझाल्या रक्तात दिसतेच असं नाही.

ते तीन महिने मी कुणाशी बोलले नाही. त्यालाही फोन केला नाही, आणि हे मला आज जास्त सलतं, कारण भीती खरी होती तर त्यालाही टेस्ट करून घे म्हणून सांगायला हवं होतं, मी स्वतःपुरतीच घाबरले. दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. हे लिहू की नको असा विचार केला, कारण मग 'काही झालं नाही ना, मग एवढं काय' असं म्हणायला तुम्हाला वाव मिळतो. म्हणा. खरं ते लिहिलं.

आता, हेरकथा वाचून मी तशी वागले का? नाही. असं म्हणणं म्हणजे माझी चूक दुसऱ्याच्या पदरात टाकणं. पण तेराव्या वर्षापासून मी असे कितीतरी प्रसंग वाचले होते जिथे दोघं पलंगाकडे जातात आणि पुढच्या परिच्छेदात सकाळ होते. मधल्या वेळात माणसं एकमेकांशी काय बोलतात, किती वेळ घेतात, बोलल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, याचा एकही नमुना माझ्याकडे नव्हता. मला माहिती कमी पडली नाही, मला वाक्य कमी पडलं. "थांब, माझ्याकडे आहे." तीन शब्द. ते कुणाच्याही तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं म्हणून मला ते म्हणता आलं नाही.

आणि तरीही पहिली दोन पुस्तकं मी तशीच लिहिली. पलंग, परिच्छेद, सकाळ. हे मला कुणी विचारत नाही, पण मीच मला विचारते. संपादकाने काढायला लावलं असं सांगता आलं असतं, पण तसं घडलेलंच नाही, मीच लिहिलं नव्हतं. मला वाटायचं कल्पनेची जागा वेगळी असते, तिथे गोळी लागलेला माणूस पुढच्या पानावर धावतो, तर मग हेच एक खरं कशाला हवं. त्या पत्रातल्या बाई जे म्हणतात तेच तेव्हाची मी म्हणत होते. ती मी चूक होते असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. गोळी लागून धावणारा माणूस बघून कुणी गोळी लागल्यावर धावायला जात नाही हे बरोबर, पण पलंगापाशी आपण सगळेच जातो, आणि तिथे डोक्यात जे साठलेलं असतं तेच तोंडून येतं. एवढाच काय तो फरक मला सापडलाय, आणि तोही पुरेसा आहे की नाही मला माहीत नाही.

तिसऱ्या पुस्तकात मग लिहिलं. त्यातही चुकले. नायकाने ते पैशांच्या पाकिटातून काढलं, आणि एका नर्स वाचक ताईंनी कळवलं की तिथे ठेवू नये, अंगाच्या उष्णतेने आणि सततच्या घर्षणाने रबर कमकुवत होतं. पुढच्या आवृत्तीत तो बॅगेच्या कडक डबीतून काढतो. हे मी आनंदाने बदललं.

पण एक गोष्ट आहे जी कुणी विचारली नाही आणि तीच मला झोपू देत नाही. माझा हेर त्या बाईला खोटं नाव सांगतो. तो तिच्या घरात कागद शोधायला आलेला आहे. अशा माणसाच्या हातात ते पाकीट देऊन मी त्याला जबाबदार, सभ्य, काळजी घेणारा करून टाकलं का? ब्रिटनमध्ये पोलिसांची माणसं १९६८ पासून खोट्या नावांनी आंदोलकांच्या गटांत शिरत होती, त्यातल्या काहींनी तिथल्या बायकांशी वर्षानुवर्षं संबंध ठेवले, मूलही झालं, आणि २०१५ मध्ये लंडनच्या पोलिसांनी अशा सात बायकांची जाहीर माफी मागितली. त्या बायका बोलल्या त्या फसवणुकीबद्दल, ज्याच्याबरोबर राहिलो तो माणूस मुळात नव्हताच याबद्दल. तिथे कंडोम होता की नव्हता याने काय बदललं असतं? मूल झालं नसतं, हे खरं, आणि ते थोडं नाही. पण तिने होकार कुणाला दिला होता?

म्हणून जे म्हणतात की तुमच्या नायकाला तुम्ही आदर्श करून ठेवलंत, त्यांचं निम्मं मला पटतं. फक्त त्यावर उपाय म्हणून ते पाकीट परत काढून घ्यायचं, हे नाही पटत. आजार काही नाव विचारून लागत नाही. खोटं बोलणाऱ्या माणसानेही निदान तिच्या शरीराला अपाय करू नये, आणि तेवढं केलं म्हणून त्याचं खोटं धुऊन निघालं असंही वाचकाला वाटू नये, या दोन्ही गोष्टी एका प्रसंगात बसवणं मला अजून जमलेलं नाही.

चौथं पुस्तक त्याच पानावर अडलंय. या वेळी पर्स तिची आहे. ती बाथरूममध्ये जाते, दिव्याखाली तारीख बघते, आणि चेन लावायच्या आधी थांबते, पाकीट हातात घेऊनच बाहेर येते आणि म्हणते, "थांब, माझ्याकडे आहे." तो तिच्याकडे बघतो, त्याच्या खोट्या नावासकट. तिने हे म्हटल्यावर त्याने काय म्हणायचं ते मी अकरा वेळा लिहून खोडलंय.